टाक गं, हाक गं! : अशीरगडाच्या वाटेवर भेटलेले बास्केटबॉल

‘तुम्ही खेळत नाही, मग तुम्ही कशाला जाता?’ हा प्रश्न मला घरी आईने विचारला, शेजारच्या काकूंनी विचारला आणि आगगाडीत समोर बसलेल्या एका आजोबांनीही विचारला. तिघांनाही मी दिलेले उत्तर एकच होते : ‘ओरडायला!’ आजोबा हसले. आईला मात्र हसू आले नाही. विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघात आपल्या महाविद्यालयाच्या तिघी निवडल्या गेल्या होत्या, संघ नर्मदेपलीकडच्या एका विद्यापीठाच्या गावी पश्चिम विभागीय स्पर्धेला चालला होता, आणि आम्ही चौघी मैत्रिणी पदरचे पैसे खर्चून त्याच्या मागे निघालो होतो. बरोबर बाई होत्या, म्हणून परवानगी मिळाली, एवढेच.

परत आल्यापासून अनेकांनी विचारले की, या स्पर्धा असतात तरी कशा, आणि नुसते बघणाऱ्यांना त्यात काय मिळते? या लेखात दोन्ही प्रश्नांची जमतील तेवढी उत्तरे देण्याचा विचार आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला मैदानावर सापडले नाही. ते परतीच्या वाटेवर, बऱ्हाणपूरजवळच्या अशीरगडावर सापडले. ते का, हे ओघाने येईलच.

प्रथम शिडी समजून घेऊ. आपल्याकडे महाविद्यालयीन संघाचा ‘मोसम’ असा नसतोच. अमेरिकेत महाविद्यालयांचे संघ हिवाळाभर आपापल्या गटात सामने खेळतात आणि मोसम संपला की मार्च महिन्यात निवडक संघांची बाद पद्धतीची स्पर्धा होते. १९३९ साली ती आठ संघांवर सुरू झाली, आज तिच्यात ६८ संघ असतात. मुलींची अशी स्पर्धा तेथे १९८२ पासून आहे. आपल्याकडे मोसम आणि मोसमानंतरची स्पर्धा या दोन गोष्टी एकाच आठवड्यात उरकतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत जो संघ पहिल्या दिवशी हरला, त्याचे वर्ष त्या दिवशी संपले. जून ते सप्टेंबर पहाटे उठून केलेला सराव चाळीस मिनिटांत जमा-खर्चाला लागतो.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेनंतर विद्यापीठाचा बारा जणींचा संघ निवडतात. हा संघ विभागीय स्पर्धेला जातो. देशाचे पूर्व, पश्चिम, उत्तर व दक्षिण असे चार विभाग केलेले आहेत, आणि महाराष्ट्राबरोबर गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश ही राज्ये पश्चिम विभागात येतात. या सर्व स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघाच्या देखरेखीखाली होतात. ही संस्था १९२५ साली आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून स्थापन झाली आणि १९७३ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. आपले सोलापूर विद्यापीठ २००४ चे. त्यापूर्वी आपली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, त्यामुळे जुन्या खेळाडूंच्या आठवणीत ‘विद्यापीठ’ म्हणजे कोल्हापूर असते.

विभागीय स्पर्धा आधी बाद पद्धतीने आणि शेवटी साखळी पद्धतीने होते. येथे थोडे गणित करावे लागेल. बाद पद्धतीत प्रत्येक सामना एका संघाला घरी पाठवतो. म्हणजे ३२ संघ असतील तर विजेता ठरवायला ३१ सामने लागतात, आणि पहिल्या फेरीनंतरच निम्मे संघ बिछाने गुंडाळतात. उपउपांत्य फेरी जिंकणारे चार संघ मात्र बाद होत नाहीत. ते एकमेकांशी साखळी खेळतात, आणि हेच चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला पात्र ठरतात. साखळीत तुमचा क्रमांक पहिला येवो की चौथा, तिकीट मिळालेलेच असते. याचा अर्थ असा की, सर्वांत मोठा सामना अंतिम दिवशी नसतोच. तो असतो उपउपांत्य फेरीचा. त्यात जिंकलात तर आणखी तीन सामने आणि पुढे अखिल भारतीय. हरलात तर संध्याकाळच्या आत वसतिगृहाची खोली रिकामी करायची. हे गणित कळले की पाहणाऱ्याच्या पोटात गोळा केव्हा आणि का येतो, तेही कळते.

आता खेळाविषयी थोडे. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. सज्जा जमिनीपासून दहा फुटांवर होता, म्हणून टोपली दहा फुटांवर गेली, आणि आज सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली तरी कडे त्याच उंचीवर, ३.०५ मीटरवर आहे. पण मला सर्वांत गंमत वाटली ती कड्यामागच्या फळीची. ही फळी खेळाडूंसाठी आलीच नव्हती! सज्जात बसलेले प्रेक्षक वाकून, हात घालून, आपल्या संघाचा चेंडू टोपलीत ढकलत आणि दुसऱ्याचा बाहेर लोटत. त्यांना अडवण्यासाठी टोपलीमागे आडोसा उभा करावा लागला. म्हणजे बास्केटबॉलच्या मैदानावरची एक मुख्य वस्तू आम्हा ओरडणाऱ्यांच्या आगाऊपणामुळे आली आहे. मुलींच्या बाबतीत तर याहून पुढची गोष्ट आहे. १८९६ च्या एप्रिलमध्ये स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया या विद्यापीठांच्या मुलींत पहिला आंतरविद्यापीठीय सामना झाला, त्याला पुरुष प्रेक्षकांना प्रवेशच नव्हता. स्टॅनफर्डने तो २–१ असा जिंकला. सभागृहात ओरडायला फक्त बायका होत्या. म्हणजे आम्ही चौघी काही नवीन करीत नव्हतो.

आपल्या देशात हा खेळ वाय. एम. सी. ए. ने आणला व रुजवला. मद्रासला १९२० साली हॅरी क्रो बक यांनी सुरू केलेल्या शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयाचा त्यात मोठा वाटा आहे. मुंबईत नागपाड्याच्या गल्ल्यांनी या खेळाला कितीतरी खेळाडू दिले. अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुन्तसिर तेथलेच. भारताचा पुरुष संघ १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये खेळला होता, हे आमच्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हते. गाडीत बाईंनी सांगितले तेव्हा कळले.

कर्नाटक एक्सप्रेसने सकाळी सोलापूर सोडले. बरोबर कडक भाकरी, शेंगाचटणी आणि घोषणा. घोषणांविषयी सांगायलाच हवे. आपल्या महाविद्यालयात निम्म्या घरांत मराठी, निम्म्यांत कन्नड. आमच्यातही दोघी मराठी बोलणाऱ्या, दोघी कन्नड. घोषणा कोणत्या भाषेत द्यायची यावर दौंडपर्यंत वाद चालला. मग लक्षात आले की, मराठीत चेंडू ‘टाक’ म्हणतात आणि आपल्याकडच्या कन्नडमध्ये ‘हाक’ म्हणतात. यमक आयते जुळले : ‘टाक गं, हाक गं!’ आणि मराठी माणसाला त्यात आणखी एक अर्थ ऐकू येतो. आमच्याकडे द्यायला होते तरी काय? नुसती हाक!

पहिले दोन सामने आम्ही सहज जिंकलो. त्या दोन दिवसांत मी बघायला शिकले. नवा प्रेक्षक चेंडूकडे बघतो, हे बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले. चेंडू नसलेल्या चौघी काय करतात ते बघ, म्हणाल्या. मग दिसू लागले की, एक जण आडवी उभी राहून दुसरीला वाट करून देते आणि टाळ्या मिळतात तिसरीला. मी वहीत नोंदी ठेवू लागले. कोणाचे किती फाउल झाले (पाच झाले की ती खेळाडू बाहेर), त्या पावात संघाचे किती झाले (चारांनंतर समोरच्यांना दोन फ्री थ्रो), आणि फ्री थ्रो किती पडले, किती हुकले. सामना चार पावांचा, प्रत्येक पाव दहा मिनिटांचा. चेंडू हातात आल्यापासून चोवीस सेकंदांत तो कड्याकडे मारावाच लागतो. एवढे नियम कळले तरी सामना निम्म्याहून अधिक कळतो, असा माझा अनुभव आहे.

तिसऱ्या दिवशी उपउपांत्य फेरी. समोर यजमान विद्यापीठाचा संघ होता आणि सभागृह त्यांच्या मुलामुलींनी भरलेले. आम्ही चौघी आणि आमचे ‘टाक गं, हाक गं’ त्या गोंगाटात म्हणजे भर बाजारात टिपरी वाजवावी तसे. तरी चौथ्या पावाच्या शेवटी फरक एकाच गुणाचा राहिला. ते ५२, आपण ५१. चेंडू आपल्याकडे आणि वेळ एकोणीस सेकंद.

घड्याळाचा फलक आम्ही बसलो होतो त्या भिंतीवर, आमच्याच डोक्यामागे होता. आम्हाला तो दिसत नव्हता. कोणी सुरुवात केली ते आता आठवत नाही, बहुधा मीच. आम्ही मोजू लागलो. ‘दहा, नऊ, आठ...’ चौघींच्या घशात होते नव्हते तेवढे बळ एकवटले होते, आणि नेमक्या त्याच वेळी बाकीचे सभागृह श्वास रोखून गप्प झाले होते. आमची मोजणी सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेली. ‘तीन’ म्हणालो तेव्हा आपल्या गार्डने, जी आपल्याच महाविद्यालयाची, मान वर केली आणि होती तेथून, फार लांबून, चेंडू मारला. तो कड्याला लागून उसळला. समोरच्यांनी तो घेतला, आपल्याकडून फाउल झाला, त्यांचे दोन्ही फ्री थ्रो पडले. ५४–५१.

मी मागे वळून फलक पाहिला. चार सेकंद अजून शिल्लक होते. म्हणजे तिने चेंडू मारला तेव्हा सहा-सात तरी असले पाहिजेत. आमची मोजणी घड्याळाच्या नव्हे, छातीच्या ठोक्यांवर चालली होती. त्या तीन-चार सेकंदांत ती आणखी दोन पावले आत जाऊ शकली असती, किंवा कड्याखाली मोकळ्या उभ्या असलेल्या सेंटरकडे पास देऊ शकली असती. ती मोकळी होती. चेंडू नसलेल्यांकडे बघायला शिकलेल्या मला ते नेमके दिसले होते.

त्या रात्री कोणी कोणाशी बोलले नाही. परतीचे आरक्षण साखळी सामने धरून केलेले, त्याला तीन दिवस अवकाश. खोल्या रिकाम्या करून आम्ही सगळ्या एस. टी. ने नव्हे, तर तिकडच्या खासगी बसने बऱ्हाणपूरला उतरलो आणि एका धर्मशाळेत मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, ‘येथे बसून रडण्यापेक्षा गड चढू या.’

बऱ्हाणपूरपासून वीसेक किलोमीटरवर, खांडव्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत सातपुड्याच्या एका डोंगरावर हा गड आहे. तिकडचे लोक असीरगढ म्हणतात. पायथ्यापासून सुमारे अडीचशे मीटरची उभी चढण. गडाचे तीन टप्पे आहेत, मलयगड, कमरगड आणि सर्वांत वर अशीरगड. माथ्यावर मशीद, पाण्याची तळी आणि एक शिवमंदिर आहे. त्या मंदिरात अश्वत्थामा रोज पहाटे येऊन पूजा करतो, अशी तेथील लोकांची श्रद्धा. उत्तरेकडून दक्खनेत उतरणारी वाट या गडाच्या नजरेखालून जाते, म्हणून त्याला दक्खनचा दरवाजा म्हणत. आपल्या मराठी माणसाचाही त्याच्याशी संबंध आहे. १७६० मध्ये उदगीरला निजामाचा पराभव झाल्यावर जे किल्ले मराठ्यांकडे आले त्यांत हा होता. पुढे तो शिंद्यांकडे गेला, आणि १८१९ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी वेढा घालून घेतला.

पण मला सांगायची आहे ती त्याच्या आधीची गोष्ट. खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या ताब्यात हा गड असताना १६०० साली खुद्द अकबर बऱ्हाणपुरात येऊन बसला. तोफांनी गड पडेना. महिन्यांमागून महिने गेले. अखेर बहादूर फारुकी वाटाघाटीसाठी खाली आला तो परत गेलाच नाही, आणि १६०१ च्या जानेवारीत गडाचे दरवाजे उघडले. का उघडले? येथे दोन हकिकती आहेत. अकबराच्या दरबारी वृत्तांताप्रमाणे आत रोगाची साथ पसरली होती आणि लोक हतबल झाले होते. जेझुइट पाद्र्यांच्या वृत्तांताप्रमाणे आतल्या सरदारांना सोने चारले गेले. कोणती खरी यावर इतिहासकारांचे एकमत नाही. दोहोंत समान एवढेच की, भिंती पडल्या नाहीत. गड पडला तो आतून.

बाईंनी हे सांगितले आणि मला राहवले नाही. तटावर बसल्या बसल्या मी सगळ्यांसमोर म्हणाले, ‘आपलाही संघ आतूनच पडला. आम्ही चुकीचे मोजले म्हणून हरलो.’

क्षणभर कोणी बोलले नाही. मग गार्डने माझ्याकडे हात पुढे केला. ‘वही दे,’ म्हणाली. मला वाटले, ती फाडते की काय! तिने तिसऱ्या दिवसाचे पान काढले आणि मोठ्याने वाचले : ‘फ्री थ्रो एकोणीस. पडले आठ. हुकले अकरा.’ मग म्हणाली, ‘यातले पाच माझे. ते हुकले तेव्हा तुम्ही काही मोजत नव्हता. दोन जरी पडले असते, तर तुमच्या मोजणीची वेळच आली नसती.’

‘पण तू ऐकलेस ना आमचे?’ मी विचारले.

‘ऐकले,’ ती म्हणाली. खोटे बोलली नाही, याचे मला आजही बरे वाटते. ‘तुमचा आवाज ऐकला म्हणून तर विश्वास ठेवला. दुसऱ्या कोणाचा ऐकला असता तर मारला नसता.’ आणि मग आपल्या भाषेत, ‘होगलि बिडु.’ जाऊ दे, सोडून दे.

मी पुष्कळ विचार केला. गडाच्या पडण्याची दोन कारणे सांगतात, तशी आमच्याही हरण्याची दोन आहेत, आणि दोन्ही खरी आहेत. अकरा हुकलेले फ्री थ्रो खरे, आणि सहा सेकंद उरले असताना म्हटलेले ‘तीन’ही खरे. पहिले कारण वहीत आहे, दुसरे कोठेच नोंदलेले नाही. गुणफलकावर प्रेक्षकाचे नाव नसते, म्हणून त्याने आपली जबाबदारी नाही असे मानू नये, एवढे मला उमगले. ज्यांचा आवाज मैदानात विश्वासाने ऐकला जातो, त्यांनी तो जपून वापरला पाहिजे. टोपलीमागे फळी बसवून हात अडवता येतात. आवाज अडवायला फळी नाही.

म्हणून पुढच्या वर्षी जे कोणी संघाबरोबर जातील, त्यांच्यासाठी आम्ही चौघींनी ठरवलेले चार नियम येथे देते. पहिला, घड्याळ दिसत नसेल तर मोजू नये, आणि बसण्याची जागा घड्याळ बघूनच धरावी. दुसरा, समोरची मुलगी फ्री थ्रो घेत असताना गप्प बसावे. आपल्यावर तसा गोंगाट झाला तेव्हा कसे वाटले, ते आम्ही पाहिले आहे. तिसरा, वही ठेवावी. हरल्यावर आठवण एकच क्षण दाखवते, वही सगळा सामना दाखवते. चौथा, संघ मागे असताना हाक अधिक द्यावी. जिंकत असताना ओरडायला सगळे गाव येते.

परतीची गाडी धरण्यापूर्वी बऱ्हाणपूरची जामा मशीद पाहिली. तिच्यात अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे. चारशेहून अधिक वर्षे दोन भाषा एका भिंतीत नांदत आहेत. आपल्या या अंकातही मराठी विभागाच्या पाठीला पाठ लावून कन्नड विभाग असतो, त्याची आठवण झाली. बाहेर गरम मावा जिलेबी खाल्ली आणि गाडीत बसलो.

घरी पोचल्यावर आईने विचारले, ‘मग, जिंकलात का?’ मी म्हटले, ‘नाही, हरलो.’ बोलून गेल्यावर लक्षात आले की, आईने ‘जिंकले का’ असे विचारले नव्हते. ‘जिंकलात का’ असे विचारले होते. निघताना ‘तुम्ही खेळत नाही’ म्हणणारी आई आता आम्हालाही संघात धरत होती.

गार्डचे शिक्षण अजून एक वर्ष आहे. सध्या ती रोज सकाळी सरावानंतर पन्नास फ्री थ्रो मारते. किती पडले ते मी मोजते, आणि मोजताना मनगटावरचे घड्याळ समोर धरते. त्याची काही गरज नसते. पण सवय लागलेली बरी.